मधली दोन पानं

टपाल हातात देण्याआधी पोस्टमन डावा डोळा मिटत. डोळा मारावा तसा नव्हे. नेम धरणारा माणूस मिटतो तसा. मग मासिक पुढे करत आणि म्हणत, "गोष्ट चांगली हाय मास्तर. मधातली दोन पानं सोडून."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आमचे पोस्टमन समीक्षक आहेत. गोष्ट मध्ये सैल पडली आहे असं म्हणणारे पुष्कळ लोक मी पाहिले होते. त्यांतल्या काहींनी ती वाचलेलीही असायची. पोस्टमन मात्र शब्दशः खरं बोलत होते. त्यांनी मधली दोन पानं सोडूनच गोष्ट वाचली होती. माझ्या अंकातून. माझ्या आधी.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी तळेगावच्या शाळेत मास्तर होतो. श्यामजीपंतांचं तळेगाव म्हटल्याशिवाय पत्र दुसऱ्याच तळेगावात जाऊन पडे, एवढंच आमच्या गावाचं बाहेर नाव. त्या गावात पुण्याच्या एका मासिकाचे पाच वर्गणीदार होते, आणि ही संख्या आम्ही पाचही जण पाहुण्यांना आवर्जून सांगत असू. अंक मोठ्या गाडीने पुलगावला उतरे, तिथून छोट्या गाडीने आर्वीला येई, आणि आर्वीहून मोटारीच्या टपावर बसून आमच्याकडे. या साऱ्या प्रवासाला चार दिवस लागत. शेवटच्या अर्ध्या मैलाला आणखी तीन. कारण तो अर्धा मैल अंक पोस्टमनच्या पिशवीतून करत असे.

त्या काळची मासिकं ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवेल, बरेच अंक पानं न कापताच येत. छापलेला मोठा कागद घडी घालून शिवलेला असे, आणि घड्या आपण घरी चाकूने कापायच्या. न कापलेल्या अंकात दोन पानं उघडी सापडत आणि पुढची दोन बंद. वरून बंद, बाजूने बंद. फक्त खालून पिशवीसारखी मोकळी. पुन्हा दोन उघडी, पुन्हा दोन बंद. पोस्टमनला दुसऱ्याचा अंक कापणं शक्य नव्हतं. ते पाप होतं, आणि शिवाय पुरावा होता. म्हणून ते उघडी पानं सरळ वाचत, आणि बंद पानांच्या खालच्या तोंडात हलकी फुंकर मारून, घडी फुगवून, एक डोळा मिटून आत पाहत. खालच्या चार ओळी दिसत. वरच्या तीस ओळींत काय असेल ते त्या चार ओळींवरून ते स्वतः ठरवत.

मी त्यांना हे करताना एकदा पाहिलं. वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर संत्र्याच्या बागेला लागून एक विहीर होती. दुपारची वेळ. टोपी गुडघ्यावर, पिशवी मांडीशी, आणि तोंड अंकाच्या बुडाशी लावलेलं. बासरी वाजवतात की काय असं वाटलं. मला पाहून ते दचकले नाहीत. नेमक्या त्याच जागी मान ठेवून म्हणाले, "थांबा मास्तर, बाई घराबाहीर निंगाली हाय. कुठं जाते ते पाहू द्या."

तो अंक माझा होता. मी थांबलो.

बुकपोस्टाचा नियम असा होता की वेष्टन दोन्ही बाजूंनी उघडं ठेवायचं, म्हणजे टपाल खात्याला आत काय आहे ते पाहता यावं. आमचे पोस्टमन हा नियम अंमळ जास्त मनावर घेत, इतकंच. पट्टी न फाडता अंक सरकवून काढण्यात आणि परत घालण्यात त्यांचा हात असा बसला होता की छापखान्यातल्या माणसाला शंका आली नसती. कधी एखादं संत्र्याचं पान आत राहून जाई, खुणेचं. ते मी परत करत असे.

अंक दिल्यावर ते लगेच जात नसत. अंगणात उकिडवे बसून आमच्या मंडळींना गोष्ट सांगत. आमच्या घरी वाचनाचा कंटाळा आणि गोष्टीची हौस, दोन्ही भरपूर. सांगता सांगता बंद पानांशी आले की ते डोळा मिटत आणि म्हणत, "आता मधातलं मी सांगतो, वहिनी." आणि सांगत. नंतर मी अंक कापून खरी गोष्ट वाचून दाखवी. आमच्या मंडळी ऐकून घेत आणि म्हणत, "भाऊंची बरी होती."

मला राग येई. लेखक पुण्याचा, नावाजलेला, आणि इथे त्याच्या गोष्टीपेक्षा टपालवाल्याची बरी. पण खरं सांगायचं तर पाचांतल्या दोन खेपांना माझंही मत तेच पडे.

हळूहळू मला त्यांची लकब कळली. त्यांच्या मधल्या पानांत हटकून एक पत्र येई. रुसलेला मुलगा घरी परतला, तर त्याला आईचं पत्र गेलेलं असे. सावकाराला दया आली, तर कुठूनसं पत्र आलेलं असे. पुण्याचे लेखक पात्रांना आपोआप पश्चात्ताप होऊ देत. आमच्या पोस्टमनला ते पटत नसे. मी एकदा विचारलं, दर वेळी पत्रच का म्हणून.

ते म्हणाले, "माणसं का आपोआप सुधरतात, मास्तर? कोनीतरी सांगा लागते."

आणि त्यांच्या गोष्टीतलं पत्र कधी उशिरा पोचलं नाही. ज्या माणसाच्या पिशवीत आमची मासिकं तीन तीन दिवस मुक्काम करत, त्याच्या गोष्टीतलं टपाल मात्र वेळेवर येई. खऱ्या पत्रांच्या बाबतीतही ते काटेकोर होते हे सांगितलं पाहिजे. कार्ड आलं की ते भर उन्हात वाडीवर नेऊन देत, वाचून दाखवत, उत्तर लिहून घेत. चैन काय ती मासिकांपुरती.

आता रावसाहेबांबद्दल सांगणं भाग आहे. ते तहसीलदार होऊन निवृत्त झाले होते. रावसाहेब ही पदवी त्यांना इंग्रजांनी दिली. इंग्रज गेले, पण जाताना ती परत न्यायची विसरले. गावातल्या प्रत्येक समारंभाचे ते अध्यक्ष असत आणि प्रत्येक भाषणात चालू साहित्याचा परामर्श घेत. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. मासिकाचे अंक त्यात वर्षवारीने उभे केलेले. एकदा चहाची वाट पाहताना मी काचेला नाक लावून पाहिलं. एकाही अंकाचं एकही पान कापलेलं नव्हतं.

रावसाहेब वाचत नसत. पोस्टमन अंक घेऊन गेले की ते झोपाळ्यावरून म्हणत, "मी चाळीनच. पण तुला काय वाटलं ते सांग बरं." पोस्टमन ओसरीच्या पायरीवर बसून सगळा अंक सांगत, मधल्या पानांसकट. रावसाहेब डोळे मिटून ऐकत आणि महिनाभर तेच गावाला ऐकवत. अध्यक्षीय भाषणात पत्र आलं की मी खाली मान घालून हसू लपवी. माझ्या अंकात पत्र नसे.

हे असं आणखी कितीही वर्षं चाललं असतं. पण शाळेच्या संमेलनाला आम्ही एक लेखक बोलावले. नागपूरचे गृहस्थ, त्यांची एक गोष्ट नुकतीच त्या मासिकात आली होती. घर सोडून निघालेली बाई स्टेशनवरून परत फिरते, अशी. रावसाहेब अध्यक्ष. पाहुण्यांच्या समोर, गावाच्या समोर, त्यांनी त्या गोष्टीवर वीस मिनिटं भाषण केलं. त्यातली बारा मिनिटं स्टेशनमास्तरच्या हातून त्या बाईला मिळालेल्या पत्रावर. त्या पत्रात, म्हणाले, सगळ्या कथेचा प्राण आहे.

लेखक आभार मानायला उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले की रावसाहेबांनी आपल्या कथेचा इतका विचार केला याचा आनंद वाटतो, मात्र आपल्या कथेत पत्र नाही.

मागच्या रांगेत खाकी कपड्यातले पोस्टमन उभे होते. त्यांनी या वेळी दोन्ही डोळे मिटून घेतले.

त्या लेखकाचा कथासंग्रह पुढे दोन वर्षांनी निघाला. मी मुद्दाम मागवला. त्यात त्या बाईला स्टेशनवर पत्र मिळतं. पण हे नंतरचं. त्या दिवशी रावसाहेबांचं तोंड गावाने पाहिलं ते पाहिलंच. आठवड्याच्या आत त्यांनी वर्ध्याला टपाल खात्याकडे तक्रार धाडली. अंक उशिरा येतात, आणि पोस्टमन ते वाचून मग देतो.

तक्रार खरी होती, हीच अडचण होती. पोस्टमनना पेन्शनीला तीन वर्षं उरली होती. पण त्यांना धास्ती दुसरीच होती. आमच्या अंगणात येऊन ते म्हणाले, "नोकरी घेतली तर घेतली. पन वावर वाहीन तं तिथं मासिक कोन आनून देईन, मास्तर?"

इन्स्पेक्टर बाजाराच्या दिवशी आले. पोस्ट म्हणजे एक खोली. तिच्यात टेबल, तराजू, आमचे पोस्टमास्तर, इन्स्पेक्टर, तक्रारदार म्हणून रावसाहेब, वर्गणीदार म्हणून मी, आणि दाराशी पोस्टमन. खिडकीत बाजाराला आलेली निम्मी माणसं. मला विचारलं, अंक उशिरा येतात का. मी म्हटलं, पुण्याचा छापखानाच दिरंगाई करतो. त्याच आठवड्यात मी चौथीच्या मुलांना सत्यावर निबंध लिहायला दिला होता.

मग रावसाहेबांनी पुरावा म्हणून वर्षाचे अंक टेबलावर ठेवले. हे बघा, म्हणाले, हाताळलेले आहेत.

इन्स्पेक्टरनी वरचा अंक उचलला. उलटायला गेले, उलटेना. खालचा उचलला. मग मधला. सगळे अंक एकेक करून पाहिले आणि अतिशय अदबीने विचारलं, "रावसाहेब, हे तर कापलेलेच नाहीत. आपण वाचता कसे?"

खिडकीत कुणीतरी खोकलं. रावसाहेबांनी काठीची चांदीची मूठ दुसऱ्या हातात घेतली. पोस्टमास्तर तराजूकडे पाहू लागले, जणू त्यात काही वजन पडलं होतं.

तुम्हीच विचार करा. पोस्टमननी तिथे गप्प राहायचं होतं. तक्रार तिथल्या तिथे मेली होती. न कापलेला अंक वाचला कोणी हे सिद्ध होणार नव्हतं, आणि तक्रारदाराचं हसं झालं होतं. दोन क्षण गप्प राहिले असते तर ते सुटले असते. पण त्यांनी रावसाहेबांच्या मानेकडे पाहिलं. ती मान मी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती.

"तसं नाई, साहेब," पोस्टमन म्हणाले. "रावसायेब न कापताच वाचतात. जुने वाचनारे तसेच असतात. कागदाले जखम काऊन करा म्हून."

"न कापता?" इन्स्पेक्टर म्हणाले. "ते कसं?"

"असं."

आणि त्यांनी टेबलावरचा अंक घेतला. अंगठा घडीखाली गेला, अंक कलला, तोंडातून नेमकी फुंकर निघाली, पान डोक्यावरच्या पदरासारखं फुगलं, डावा डोळा मिटला. आणि ते बंद पानाच्या पोटातून घडाघडा वाचू लागले. एक ओळ, दोन ओळी, चार. मग सवयीने मान वर करून म्हणाले, "आता मधातलं मी..."

आणि थांबले.

अंक त्यांच्या हातात तसाच फुगलेला होता. वीस वर्षं विहिरीच्या काठावर कमावलेली विद्या त्यांनी टेबलावर मांडून दाखवली होती, ती दुसऱ्याची म्हणून सांगत.

"हात चांगला बसलाय तुमचा," इन्स्पेक्टर म्हणाले.

"व्हय, साहेब," पोस्टमन म्हणाले. आणखी खोटं त्यांना सुचलं नाही. एरवी पानंच्या पानं सुचत.

इन्स्पेक्टर भले गृहस्थ असावेत. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, पाने शाबूत आहेत, असं त्यांनी लिहून नेलं. पण दोन महिन्यांनी बदलीचा हुकूम आला. गिरड. जिल्ह्याचं दुसरं टोक. निरोप घ्यायला आले तेव्हा मी म्हटलं, चांगलं गाव आहे, टेकडीवर दर्गा आहे, लोक लांबून येतात. ते म्हणाले, तिथल्या टपालाची त्यांनी चौकशी केली आहे. कार्डं आहेत, मनीऑर्डरी आहेत, कोर्टाची पाकिटं आहेत. "मासिक एकबी नाई." एवढं बोलून त्यांनी माझा त्या महिन्याचा अंक दिला. तो त्या वेळी, एकदाच, अगदी वेळेवर आला होता.

नवे पोस्टमन तरुण आणि तत्पर. अंक आला त्याच दिवशी फाटकावरून फेकत आणि सायकलची घंटी वाजवत निघून जात. आमच्या मंडळी दारातून विचारत, काय आहे हो यात. मी म्हणे, अजून वाचलं नाही. त्या म्हणत, "भाऊंनी एव्हाना सांगून टाकलं असतं."

वर्षभराने शाळेच्या कामासाठी मला त्या बाजूला जायचं होतं. आमच्या मंडळींनी जुन्या अंकांचं एक ओझं माझ्या डोक्यावर घातलं, भाऊंना द्या म्हणून. गिरडला टेकडीच्या पायथ्याशी चिंचेखाली ते भेटले. टोपी गुडघ्यावर. हातात नवा, चालू महिन्याचा अंक. पट्टी शेजारी व्यवस्थित ठेवलेली. तिच्यावर पत्ता होता: रावसाहेब, मग त्यांचं संपूर्ण नाव, मग निवृत्त तहसीलदार, आणि खाली बारीक अक्षरात, मार्फत पोस्टमन, मुक्काम गिरड. माणसाने दान केलं, पण पदवी सोडली नव्हती. तरीही कबूल केलं पाहिजे: रावसाहेबांनी आयुष्यात भरलेल्या वर्गण्यांपैकी वाचणाऱ्यासाठी भरलेली ही पहिली.

गावात याबद्दल रावसाहेब एक अक्षर बोलले नव्हते.

मी माझे अंक पुढे केले. पोस्टमननी वरचे दोन उलटून पाहिले आणि हसून परत बांधून ठेवले. "हे कापलेले हायेत, मास्तर."

मी खिशातला चाकू काढला आणि म्हटलं, आता तुमच्या हातातलाही कापा. तुमच्याच पत्त्यावर आला आहे. आता कोण विचारणार आहे?

ते माझ्याकडे, शाळेत ढ मुलाकडे मी पाहतो तसं, पाहत राहिले.

"एक तं अंक रावसायेबाचा हाय," ते म्हणाले. "त्यायचं नाव हाय वर. टपाल ज्याचं त्याले पोचलं पाह्यजे. अन् दुसरं..." त्यांनी चाकू माझ्या खिशात परत घातला. "कापलं का मंग लेखकाचंच वाचा लागते."

पेन्शन त्यांना मिळाली, पण ती फार दिवस लाभली नाही. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते गेले, असं नव्या पोस्टमनने फाटकावरून सांगितलं. घंटी वाजवली नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी रावसाहेब माझ्या घरी आले. एरवी ते माणसं बोलावून घेत. चालत आलेले मी पहिल्यांदा पाहिले. काखेत एक गठ्ठा होता, पोस्टाच्या सुतळीने पोस्टाच्याच गाठीत बांधलेला. गिरडहून पोस्टमनच्या घरच्यांनी धाडला होता. वर पेन्सिलीने लिहिलेलं: रावसाहेबांचे अंक, वाचून परत.

"सगळे आहेत," रावसाहेब म्हणाले. "एकही कापलेला नाही."

मी गठ्ठा सोडला. अंकांच्या वरच्या कडा कोऱ्या होत्या. खालच्या कडा मात्र एकूणएक पानांच्या मऊ पडल्या होत्या, जुन्या धोतराच्या काठासारख्या.

रावसाहेब बसले. पाणी प्याले. मग काठीकडे पाहत म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी पोस्टात त्याने काय केलं होतं, तुम्ही नीट पाहिलं होतं का?"

मी म्हटलं, पाहिलं होतं.

"मला दाखवा."

चाकू टेबलावरच पडला होता. तो मी त्यांच्याकडे सरकवला नाही. अंगठा कुठे ठेवायचा, अंक किती कलता करायचा, फुंकर कशी हळू घालायची ते मला आठवत होतं तसं दाखवलं. रावसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. आधी चुकीचा डोळा मिटला. फुंकर जोरात गेली आणि पान फडफडलं. तिसऱ्या खेपेला घडी फुगली. त्यांनी पागोट्यासकट मान वाकवली, आणि बंद पानाच्या तळाशी डोळा लावून, मुलांसारखं एकेक अक्षर जोडत, खालच्या ओळी मोठ्याने वाचल्या. शेवटची ओळ होती: आणि तिने दार उघडलं.

आमच्या मंडळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पण का उघडलं तिने? इतका वेळ तर उघडत नव्हती."

रावसाहेबांनी डोळा पानावरून काढला नाही. बराच वेळ ते आतल्या अंधारात वर कुठेतरी पाहत राहिले. मग घसा साफ करून, भाषणात लावत तसा आवाज न लावता म्हणाले, "त्याआधी बहुतेक एक पत्र आलं असावं."